ओल्या पाटीचा वास

शारजाच्या आमच्या घरात बेडरूमच्या दारामागे एका नदीचा नकाशा चिकटवलेला होता. जर्मनीतली मोझेल नदी. नवऱ्याने तो ऑफिसातून आणला होता आणि चारही कोपऱ्यांना सेलोटेप लावून असा काही बसवला होता, की दार लावलं की झोपताना माझ्या डोळ्यांसमोर तीच यायची, चकलीसारखी वेटोळी घेत चाललेली. मी एकदा म्हटलं, लोक बेडरूममध्ये डोंगर-धबधबे लावतात, तू दारूची नदी लावलीस. त्यावर स्वारी दोन दिवस फुगून बसली. दारू म्हणायचं नाही, वाइन म्हणायचं, असा आमच्या घरात नियम होता. सासूबाईंना पुण्यात आम्ही यातला कुठलाच शब्द सांगितला नव्हता. त्यांच्या लेखी त्यांचा मुलगा दुबईत ‘हॉटेल सप्लाय’मध्ये होता, आणि ते तसं खोटंही नव्हतं.

वाइन आयात करणाऱ्या एका कंपनीत तो ट्रेनर होता. ऑफिस दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये. हॉटेलांत जाऊन वेटर लोकांना शिकवायचं, कशाबरोबर काय द्यायचं, बाटली कशी उघडायची, गिऱ्हाइकाने विचारलं तर काय सांगायचं. आलेला नवा माल चाखून पास करणंही त्याच्याकडेच. चाखायचं म्हणजे तोंडात घ्यायचं, खुळखुळवायचं आणि बादलीत थुंकायचं. इतकी वर्षं संसार केला, पण नवऱ्याला पूर्ण ग्लास पिताना मी कधी पाहिलं नाही. शारजात तर तो विषयच नव्हता. तिथे दारूबंदी, घरात थेंब आणायची सोय नाही. भाडं परवडतं म्हणून आम्ही तिथे राहायचो. म्हणजे दिवसभर वाइन थुंकायची आणि संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये रखडत घरी येऊन माझ्या हातचा वरणभात खायचा. तो येताच मी त्याचा शर्ट काढून घेऊन धुवायला टाकायची. शेजारी रत्नागिरीकडची भाभी होती, तिच्यासमोर तो वास नको म्हणून. ती बिचारी कधी एक शब्द बोलली नाही.

तर ही नदी. त्याने ती पाहिलेली नव्हती, पण बोलायला लागला की वाटावं हा तिथेच रांगत मोठा झाला. दोन्ही काठांना डोंगर असे सरळ उभे, की ट्रॅक्टर चढत नाही. कुठे कुठे तर माणसाने दोराला धरूनच वर जायचं. आपल्या नाशिकला द्राक्षांचा मांडव असतो, तिकडे मोझेलला एकेका वेलीला एकेक खांब, आणि वेलीच्या काड्या वाकवून त्या खांबाला बांधायच्या, बदामाच्या आकारात. थंडी एवढी की द्राक्षं पिकायलाच मागत नाहीत. मग पिकतात कशी? तर उतार दक्षिणेला तोंड करून असतो, नदीच्या पाण्यावरून ऊन उलटून वर येतं, आणि जमिनीतला काळा दगड दिवसभर तापून रात्री वेलींना ऊब देत राहतो. द्राक्षाची जात रिसलिंग. नदीकाठच्या सपाटीवर दुसऱ्या जाती लावतात, भरपूर पिकतात, स्वस्त विकतात. पण खरी ती उतारावरची, असं तो म्हणायचा, आणि म्हणताना त्याचा हात आपोआप उताराची तिरपी रेघ ओढायचा.

तो काळा दगड म्हणजे आपल्या शाळेतली पाटी. अगदी तोच दगड. तिकडच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं, की या वाइनला ओल्या स्लेटचा वास येतो, आणि मोठमोठ्या हॉटेलांतली माणसं ते वाचून नुसतीच माना डोलवतात. माझ्या नवऱ्याला ते पहिल्याच वासात कळलं, कारण लहानपणी तो पाटीवरच्या पेन्सिली खायचा. मार खाऊन खायचा. पहिल्यांदा ती रिसलिंग नाकाशी नेली, तेव्हा त्याला म्हणे दुसरीचा वर्ग आठवला, बाईंच्या टेबलावरचं ओलं फडकं आठवलं, आणि तो तिथल्या तिथे हसायलाच लागला. नंतरच्या सुट्टीत त्याने अप्पा बळवंत चौकातून लाकडी चौकटीची पाटी आणली. ट्रेनिंगला जाताना लॅपटॉपच्या बॅगेत ती पाटी असायची. ओल्या फडक्याने पुसायची, वर्गात फिरवायची, प्रत्येकाने वास घ्यायचा आणि मग ग्लासचा वास घ्यायचा. केरळची, नेपाळची पोरं एकदम ओळखायची. फिलिपिन्सच्या मुली आधी लाजायच्या, मग त्यांनाही ओळखता यायचं.

मला तो आंब्यात समजावायचा. पाड लागला की तोडलेला, झाडावर आणखी थोडा ठेवलेला, आणि पार पिकून डेखापासून सुटायला आलेला. द्राक्षांचंही तसंच. आधी तोडली तर हलकी, आंबटसर वाइन. उशिरा तोडली तर भरलेली. निवडून घोसच्या घोस पार पिकू दिले तर मधासारखी. वेलीवरच मनुका झालेल्या द्राक्षांची आणखी वेगळी, आणि बर्फात गोठलेली द्राक्षं पहाटे तोडून करतात ती तर अप्रूपाची. बाहेर जुलैचं ऊन, गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही, आणि हा मला गोठलेल्या द्राक्षांचं कौतुक सांगतोय. एवढं सगळं सांगून झालं की शेवटी त्याचं ठरलेलं वाक्य यायचं, जे तो प्रत्येक वर्गात सांगायचा: नाकाला साखर कळत नाही. नाकाला पीच कळेल, लिंबू कळेल, पाटी कळेल. एकाच मळ्यातली एक गोड आणि एक ड्राय, म्हणजे साखर न उरलेली, अशा दोन वाइन शेजारी ठेवल्या तर नाक फसेल. ते काम जिभेचं.

त्या ऑक्टोबरात कंपनी त्याला द्राक्षतोडीला तिकडे पाठवणार होती. जाड मोजेसुद्धा आम्ही घेऊन ठेवले होते. सप्टेंबरात अमेरिकेत बँका कोसळायच्या त्या कोसळल्या आणि आमच्याकडे ईमेल आली, की सगळे प्रवास पुढच्या सूचनेपर्यंत बंद. मोजे कपाटात वरच्या फळीवर गेले.

नंतरचं सगळ्यांनाच माहीत आहे. आज ह्याची गेली, उद्या त्याची गेली. मी शिकवायची त्या शाळेत एकेका वर्गातून मुलं गायब व्हायची. सोमवारी बाकावर आहे, पुढच्या रविवारी शाळेचा आठवडा सुरू झाला की नाही, मैत्रिणीलासुद्धा सांगितलेलं नाही. त्याच्या ऑफिसात आधी चहा देणारा गेला, मग रिसेप्शनिस्ट, मग त्याच्या हाताखालचे दोघं. कोणी काही विचारलं की एकच शब्द, खलास. नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की महिन्याभरात चंबूगबाळं उचलायचं. आमचा मुलगा तेव्हा पाचवीत. माझ्या नोकरीवर मी आणि तो कसेबसे राहू शकलो असतो, पण माझ्या पगारावर नवऱ्याचा व्हिसा निघाला नसता. जीव टांगणीला लागला होता. आम्ही रात्री दिवा मालवून नुसते पडायचो, आणि समोर ती नदी.

सासूबाईंना फोनवर काहीतरी कळलंच. त्यांनी फर्मान काढलं, की नोकरीवरचं गंडांतर टळेपर्यंत त्याने संकष्टी धरावी, चंद्रोदयापर्यंत पाण्याशिवाय काही नाही. त्यांनी गणपतीला तसं बोलूनही टाकलं होतं. मी वैतागले. दुसऱ्याच्या पोटावर नवस बोलायचा म्हणजे कमालच. पण नवऱ्याने निमूट धरली. मला वाटतं, काहीतरी हातात धरायला मिळालं, एवढंच त्याला पुरे होतं. भाभी ईदचा चंद्र बघायची त्याच गॅलरीतून तो संकष्टीचा बघायचा. ढग किंवा धूळ असली की भाभीच आमच्या दारावर टकटक करून सांगायची, की दिसला बाई तुमचा.

अडचण चाखण्याची होती. महिन्यातून एक दिवस हा माणूस वाइन तोंडात घेईना. मी म्हटलं, अरे, तू तर थुंकतोस, गिळतोस कुठे? त्याने ऐकलं नाही. “जिभेला लागलं की लागलं,” म्हणाला. आईला फसवता येईल, गणपतीला नाही. मग त्या दिवशी तो नुसत्या वासावर काम करायचा, आणि ते जमायचंही. त्याचं नाक चांगलं होतं, हे मी बायको म्हणून म्हणत नाही. बाहेरच्या गॅलरीत कोणाच्या घरी फोडणी करपली ते हा घरात बसून सांगायचा.

मार्चच्या सुमाराला एक संधी आली. समुद्राकाठी एक नवं हॉटेल उघडत होतं, सगळे बंद करत असताना हे उघडत होतं. त्यांना त्यांच्या सगळ्या रेस्टॉरंटांत एकच पांढरी वाइन सुट्या ग्लासाने विकायची होती. ती मोझेलची घेतली तर कंपनीच्या गोदामात अडकलेला माल सुटणार होता, आणि त्याच्या साहेबाने स्पष्ट सांगितलं होतं, की हे झालं तर तू राहशील. हॉटेलचा जनरल मॅनेजर ऑस्ट्रियाचा, म्हणजे रिसलिंग आईच्या दुधाबरोबर प्यायलेला. त्याने वीस-पंचवीस माणसांचं जेवण ठेवलं. आधी हामूर मासा, त्याबरोबर ड्राय. शेवटी फळांचं गोड, त्याबरोबर गोड. एकाच मळ्याच्या दोन वाइन.

त्या दिवशी संकष्टी होती.

पुढचं मी त्याच्याकडून ऐकलं, ते एकदाच, आणि नंतर पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही. बाटल्या दुपारपासून बर्फाच्या टबात ठेवल्या होत्या. बर्फ वितळला आणि लेबलं सुटून पाण्यावर तरंगायला लागली. सगळ्या बाटल्या सारख्या. हिरव्या, उंच, निमुळत्या. रंगही तोच, फिकट. बाहेर पाहुणे बसलेले, मासा ताटात वाढलेला, वेटर ट्रे घेऊन दाराशी उभे. त्याने दोन बाटल्या उघडल्या. एक घोट, नव्हे एक थेंब जिभेवर ठेवला असता तर काम झालं असतं. चंद्र उगवायला अजून वेळ होता. त्याने दोन्ही ग्लासांचा वास घेतला, पुन्हा घेतला, आणि एकीकडे बोट दाखवून म्हणाला, ही आधी.

मी कपाळावर हात मारून घेतला. अरे, एखाद्या वेटरला दे, आचाऱ्याला दे, भांडी घासणाऱ्याला दे! गोड की नाही एवढं तर कोणीही सांगेल! त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, ती सगळी पोरं त्यानेच शिकवलेली होती. पाटी फिरवून. त्यांच्यासमोर तो कोणाला विचारणार होता?

माशाबरोबर गोड वाइन गेली. ऑस्ट्रियनाने एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि अगदी सभ्यपणे विचारलं, की आपण जेवण शेवटाकडून सुरू करतोय का. टेबलावर हशा झाला. माझा नवराही हसला म्हणे. तोच भाग त्याने मला दोनदा सांगितला, की तोही हसला.

महिनाअखेरीला पत्र आलं. मी त्याला हजारदा सांगितलं, की ती नोकरी नाहीतरी जाणारच होती. झालंही तसंच. दिवाळीच्या आत कंपनीने ते सगळं खातंच बंद केलं, साहेबसुद्धा घरी गेला. पण त्याच्या डोक्यातून ते जाईना. लोकांना आम्ही ‘क्रॅशमध्ये गेली’ असं सांगायचो, आणि सगळे समजून मान हलवायचे. खरं काय ते मला, त्याला आणि त्याच्या गणपतीला माहीत. तो पुण्याला गेला, मी आणि मुलगा शारजात राहिलो. एका खोलीच्या घरात आलो. नकाशा काढताना सेलोटेपबरोबर दाराचा रंगही निघाला, त्याचे पैसे मालकाने डिपॉझिटमधून कापले. पाटी मी बॅगेत भरून त्याच्याबरोबर पाठवली.

मुलाची बारावी होईपर्यंत आमचा संसार फोनवर चालला, मग मीही पुण्याला आले. पुण्यात त्याने मामेभावाच्या वॉटर प्युरिफायरच्या एजन्सीत काम धरलं. पाण्याचे नमुने तपासायचे. नाशिकच्या एका वाइनरीतून बोलावणं आलं होतं, त्याने कळवलं की जमणार नाही. वाइन पुन्हा तोंडात घेतली नाही. संकष्टी मात्र सोडली नाही. गंडांतर येऊन गेलं, सासूबाई गेल्या, तरी सोडली नाही. मी भांडले, चिडले, एकदा मुद्दाम त्या दिवशी बटाटेवडे तळले. तो शांतपणे गॅलरीत जाऊन बसला. मला त्याचा राग यायचा आणि त्याहून जास्त दया यायची, आणि दया आलेली त्याला कळू द्यायची नाही म्हणून मी आणखी रागवायची.

मुलगा शिकून परत तिकडेच गेला. आता अबू धाबीत आहे, अल रीम आयलंडवर पस्तिसाव्या मजल्यावर राहतो. मागच्या थंडीत त्याने आम्हाला बोलावलं. बाप वाइनमध्ये होता एवढंच त्याला आठवतं, आणि ती पाटी आठवते. बाकी त्याला क्रॅशच माहीत. आम्ही गेलो त्याच्या तिसऱ्या दिवशी संकष्टी होती, हे त्याच्या गावीही नव्हतं. मी उकडीचे मोदक केले होते. संध्याकाळी तो फ्रिजमधून एक बाटली घेऊन आला, नॅपकिनमध्ये गुंडाळलेली, आणि ग्लासात ओतून बापापुढे ठेवली. “बाबा, जस्ट गेस,” म्हणाला.

मला वाटलं हा उठून जाईल. पण मुलाने एवढ्या हौसेने आणलेली. नवऱ्याने ग्लास उचलला, थोडा फिरवला आणि नाकाशी नेला. इतक्या वर्षांनी, पण हात तसाच वळला. त्याने डोळे मिटले. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी शारजानंतर पाहिलं नव्हतं.

“पाटी,” तो म्हणाला. “मोझेल आहे. रिसलिंग. उतारावरची.” मुलगा खूश होऊन टाळ्या वाजवायला लागला. नवऱ्याने पुन्हा एकदा वास घेतला आणि सावकाश म्हणाला, “ड्राय आहे.”

मुलाने नॅपकिन जरा सरकवून लेबल बघितलं. त्याच्या कपाळावर आठी आली. “अ‍ॅक्च्युअली, बाबा...” एवढं त्याच्या तोंडातून निघालं आणि मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. चांगली जोरात. मी नवऱ्याच्या हातातला ग्लास घेतला आणि तोंडाला लावला. जन्मात पहिल्यांदा. उसाचा रस असावा तसं काहीतरी घशाखाली गेलं, गोड, मागून जरा आंबट.

“ड्राय आहे,” मी म्हटलं. “पार कोरडी.”

तो हसला. मला काय कळतंय वाइनमधलं, असं ते हसू होतं, पण त्याला ते ऐकायचं होतं. मग तो म्हणाला, चंद्र बघून येतो, नैवेद्य दाखवतो, आणि आज एक घोट घेतो. पोराने आणलीय. सगळं सोडून आज त्याला घोट घ्यायचा होता! गॅलरीतून समोरचे टॉवर आड येत होते, म्हणून तो लिफ्टने खाली खाडीच्या काठावर गेला.

दार लागलं तसं मी मुलाला सगळं सांगितलं. घाईघाईत, अर्धं तोडलेलं. त्याला किती समजलं कोण जाणे. “बट मॉम, ही वॉन्टेड टू टेस्ट इट,” एवढंच तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. मी भरलेला ग्लास संपवला. बाटलीत बरंच उरलं होतं. नळ सोडला आणि ते बेसिनमध्ये ओतून दिलं. मुलगा शेजारी उभा राहून बघत होता. स्वयंपाकघरभर तो वास पसरला आणि मलासुद्धा तो आला, पावसाळ्यात पाटी पुसल्यावर यायचा तो. लेबलाचा, जिथे गोड असल्याचं लिहिलं होतं तेवढा तुकडा फाडून मी मुलाच्या खिशात कोंबला.

नवरा वर आला तेव्हा थंडीने गारठला होता. दिसला म्हणाला, दोन टॉवरांच्या मधून. नैवेद्य दाखवला, मोदक खाल्ला, आणि मग टेबलावर ग्लास शोधायला लागला.

“संपली,” मी म्हटलं.

त्याने रिकाम्या बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझं डोकं खरोखर गरगरत होतं, त्यामुळे पुरावा बरा होता. तो रागावला नाही. उलट खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला आणि मला सांगायला लागला, की ड्रायसुद्धा इतकी चांगली लागते ती त्या उतारामुळे, त्या दगडामुळे. दोराला धरून वर जावं लागतं, एकेका वेलीला एकेक खांब असतो. सांगताना त्याचा हात तिरपी रेघ ओढत होता. मी हो हो म्हणत राहिले, आणि तोंडातला तो गोडवा काही केल्या जात नव्हता.